लाडक्याकाका आणि हिरवी माती

जमिनीत गिरमिट घालण्याआधी लाडक्याकाका चपला काढून बाजूला ठेवायचे. दिवसात चाळीस जागी गिरमिट घातलं तर चाळीस वेळा. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "काका, काटे आहेत." ते म्हणाले, "चपलीतून काय समजतंय, बाय? पयला पाय लाव, मग बोल."

काका आता नाहीत. पण माझ्या नोकरीचा पहिला धडा मी त्यांच्याकडून शिकले.

भूगर्भशास्त्र शिकून मी नुकतीच एका खाणकंपनीत लागले होते. मी पालघरचीच, म्हणून कंपनीने मला इकडेच पाठवलं. मातीच्या पातळ थराखाली सोनं किंवा तांबं दडलंय का, ते पाहायचं काम. बोईसरला खोली घेतली होती. कुंभवली मागे टाकून डोंगराकडच्या उतारावर रोज जायचं, ठरावीक अंतरावर गिरमिटाने वीतभर खोलीवरची माती काढायची. सोन्याचं प्रयोगशाळेत कळायचं, तांब्याचा आकडा हातातलं यंत्र तिथेच दाखवायचं. माती काढायला काका होते. साठी उलटलेले, उताराखालच्या पाड्यावरचे. त्यांची भाताची दोन खाचरंही त्याच उतारावर होती.

तिसऱ्या आठवड्यात उतारावरच्या एका जुन्या विहिरीजवळच्या पट्ट्यात यंत्राचा आकडा एकदम चढला. पुढच्या जागीही तसाच. माती जराशी हिरवट होती. मी साहेबांना फोन केला. ते खूश झाले. "सोमवारी रिपोर्ट पाठव. ड्रिलिंगची गाडी लावतो."

ही बातमी माझ्याआधी पाड्यावर पोचली. दुसऱ्या दिवशी काकांची सून रेवती दारात बसून होती. राब, म्हणजे रोपांसाठीची जमीन, भाजून तयार होता, पण पेरायचं भात तिने धान्याच्या कणगीतून काढलंच नव्हतं. मला म्हणाली, "जमीन तुमी नेनार, मग पेरू कोनासाठी?"

संध्याकाळी मातीच्या पिशव्या बांधताना काका म्हणाले, "बाय, इथं शिरगावच्या शेटचा पानमला होता. मी न् माजी बायको वेलींवर मोरचूद मारायचो. लय वर्सं. हात निले व्हायचे."

मोरचूद म्हणजे तांब्याचंच औषध. यंत्राने दाखवलेलं तांबं तेच असू शकत होतं. "काका, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारला कुठं?"

खरंच होतं. खालचा खडक, पाण्याची वाट, सगळं मी नकाशाला विचारलं होतं. मातीत चाळीस वर्षं राबलेला माणूस रोज माझ्या शेजारी उभा होता, त्याला काही विचारलं नव्हतं.

पण जमीन वाचवायला काका खोटं सांगत असतील, असंही मनात आलंच. त्यांनी ते माझ्या तोंडावर वाचलं असावं. "माज्यावर नको भरोसा ठेवू. खोल खनून बग," म्हणाले.

तांबं खडकातून वर आलं असेल, तर खाली जाऊ तसा आकडा वाढायला हवा. वरून पडलेलं असेल, तर उतरायला हवा. सकाळी काका स्वतः खड्ड्यात उतरले. मी दर वितीला यंत्र लावत होते. पहिल्या दोन वितींत आकडा तसाच. रेवती बांधावर येऊन उभी राहिली. तिसऱ्या वितीला निम्म्यावर आला. खड्डा कमरेइतका झाला, मुरूम लागला, मग खडक. आकडा साध्या मातीइतका. पट्ट्यात आणखी दोन ठिकाणी खणलं, तिथेही तेच.

मी तिथूनच फोन लावला. साहेब म्हणाले, "गाडी निघायच्या आत कळलं, बरं झालं." महिन्याभराने सोन्याचा निकालही आला, नाहीच म्हणून.

त्या दिवशी फोन ठेवून पाहिलं तर काका शेवटच्या खड्ड्यातच खाली बसले होते. तोंडावर मातीचा हात, खांदे हलत होते. मी घाबरले. "काका, काय झालं?"

"काय नाय, बाय," ते म्हणाले. "मलाच खातरी नव्हती. मोरचुदाखाली खरा तांबा निगाला असता, तर?"

मी आणि रेवतीने एकेक हात धरून त्यांना वर ओढलं. ते खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले, दम खाल्ला आणि सुनेला म्हणाले, "जा, कनगी उघड. आन् चहा ठेव, बायला पन."