नेऱ्याच्या चित्रात नसलेलं घर

नवा ब्रशपेन कसा आहे, असं ग्रुपवर विचारत होतात, म्हणून सांगते.

आज सकाळी मी आणि माझी मैत्रीण स्मिता पनवेलहून नेऱ्याला स्केचिंगला गेलो. ब्रशपेनाची रेघ जाड येते आणि खोडता येत नाही. म्हणून मी सोपं तेवढंच काढलं, डोंगर, शेताचा बांध आणि आंब्याचं झाड. झाडामागचं पत्र्याचं घर सोडून दिलं.

थोड्या वेळाने त्या घरातल्या मावशी बाहेर आल्या. कागद घेऊन घराकडे सारखं बघणारी माणसं इथे नव्या रस्त्याच्या मोजणीचीच असतात.

"रस्त्यात आमचं घर जातंय काय?" त्यांनी विचारलं.

"नाही हो मावशी, आम्ही नुसती चित्रं काढतोय," स्मिता म्हणाली आणि तिने माझं स्केचबुक त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी झाड ओळखलं, बांध ओळखला. मग म्हणाल्या, "म्हंजे जातंय. यात घर नाय."

मी त्यांच्यासमोरच झाडामागे घर काढलं. जरा वाकडं आलं.

"आता पुसू नका," त्या म्हणाल्या.

ही शाई पुसली जात नाही, एवढंच मला त्यांना खात्रीने सांगता आलं.