जवाचं पाणी

नागपूरच्या इंदोऱ्यात कुणाला आरसा, लग्नाचा केक किंवा माशांची काचपेटी हलवायची असली की लोक प्रशिकला बोलावत. त्याचा छोटा हत्ती टेम्पो जुनाच, पण त्याच्या गाडीत सामान कधी फुटलं नाही, सांडलं नाही. माल बांधताना तो आधी रस्ता डोळ्यांपुढे आणी, मग दोरी उचली.

मानेवाड्याच्या रोहितनंही म्हणूनच त्याला हेरलं. रोहित हौसेखातर घरी बियर करी. जव शिजवणं, गाळणं, उकळणं, गार करणं त्याच्या स्वयंपाकघरात व्हायचं. पण नागपूरच्या उन्हाळ्यात ती आंबवायला थंड खोली हवी, आणि तशी खोली होती उमरेडला, त्याच्या मित्राकडे.

"आंबवायचं खमीर, म्हणजे यीस्ट, तिकडे गेल्यावर घालायचं, प्रशिकभाऊ. तोवर हे नुसतं जवाचं पाणी. कॅन काठोकाठ भरलाय, म्हणजे आत डुचमळणार नाही. मागे उन्हात ठेवू नका. आणि झाकण उघडू नका, हवेतलं काही आत गेलं की नासलं."

नुसतं जवाचं पाणी. प्रशिकनं हे शब्द घट्ट धरून ठेवले होते. वडिलांनी दारू सोडली ती दीक्षाभूमीवर शब्द देऊन, आणि तो मरेपर्यंत पाळला. घरी रोज वंदना होई. पाचव्या, दारूपासून दूर राहण्याच्या शीलाशी आलं की प्रशिकचा आवाज हल्ली आपोआप खाली जाई.

तिसऱ्या खेपेला त्यानं कॅन केबिनमध्येच, ओल्या गोणपाटात गुंडाळून, सीटच्या पायाशी बांधला. दिघोरीच्या चौकात आई उभी दिसली. पार्वतीबाई उमरेडला बहिणीकडे निघाल्या होत्या, बसची वाट पाहत. त्यांनी हात केला. न थांबून कसं चालेल?

"काहून गा, येवढा हळू चालवून राहिला? अंडे भरले काय?"

"नाजूक माल हाय, माय."

"काय हाय त्यात?"

"जवाचं पाणी."

खोटं नव्हतं ते. तरी त्यानं तिच्याकडे पाहायचं टाळलं.

पेट्रोल पंपावर तो चाकात हवा भरायला उतरला. परत येतो तर आई तोंड पुसत होती, आणि कॅनचं झाकण तिच्या मांडीवर.

"लय तहान लागली होती रे बापा. गोड लागते, मागून कडू. काढा होय ना? मले पण आणून देत जा, उन्हाचं बरं हाय. विहारातल्या बायांलेही देईन."

विहारातल्या बाया ऐकल्यावर त्याला राहवेना. त्यानं सगळं सांगून टाकलं.

पार्वतीबाईंनी झाकण कॅनवर घट्ट बसवलं. "म्हणजे मी दारू प्याली?"

"नाही वं माय! अजून झालीच नाही ते. खमीर टाकल्यावर होते."

"मंग मले पहिलेच काहून नाही सांगितलं?"

प्रशिकनं गाडी सुरू केली. चुकीचं काही नसतं, तर पहिल्याच खेपेला घरी गेल्यावर हसत हसत सांगितलं असतं.

उमरेडच्या स्टँडवर त्या उतरल्या.

"परत जाताना थांबू काय?"

"बस हाय."

चार पावलं जाऊन त्या वळल्या. "त्या पोराले काय सांगशीन?"

"सांगतो ना, खड्ड्यात झाकण ढिलं झालं म्हणून."

"तुह्या गाडीत कधी झालं होतं ढिलं?"

त्या गर्दीत दिसेनाशा झाल्यावर त्यानं फोन लावला. रोहितनं विचारलं, "पोचलं का नीट?"

"नाही," प्रशिक म्हणाला. "माह्या मायनं उघडलं. तिची चूक नाही, मीच तिच्यापासून लपवलं होतं. आन पुढची खेप दुसऱ्या कोणाले सांगा, रोहितभाऊ."

तिकडून रोहित चिडून बोलत राहिला. प्रशिक मान खाली घालून ऐकत राहिला.