विहाराच्या टेबलावरचा टायगर

मी पत्रकांवर वाढलो, हे मी आजवर छाती फुगवून सांगत आलोय. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. पप्पा कारखान्यातून आले की लिहायचे आणि मी छापून आलेल्यांच्या घड्या घालायचो. फॅसिझम हा शब्द मला त्याचा अर्थ कळायच्या आधी लिहिता येत होता. आता पत्रकं मी लिहितो. पप्पा तपासतात आणि म्हणतात, "विशेषणं कमी कर."

आणि मी जर्मन रणगाडे बनवतो. दुसऱ्या महायुद्धातले, प्लास्टिकचे, खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढे. कॉलेजात असताना सुटे भाग जोडायचा एक खोका घेतला होता, तेव्हापासून सुटलं नाही. या वर्षी टायगर नावाचा त्यांचा अवजड रणगाडा बनवला. त्याची चाकं एकमेकांवर चढलेली असतात, त्यामुळे आतल्या चाकांना रंग आधी द्यावा लागतो, नंतर ब्रश पोचत नाही. खऱ्या रणगाड्यावर चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून एक खरबरीत लेप लावायचे. तो मी पुट्टीचा पातळ थर देऊन, ओला असतानाच छोट्या स्क्रूड्रायव्हरने रेघ रेघ दाबून काढला. मग पिवळसर रंग, त्यावर हिरवे पट्टे. शेवटी चिखल. चिखल कुठल्याही रंगाचा चालत नाही. माझा टायगर पूर्व आघाडीवरचा होता, म्हणून तिथल्या काळ्या मातीसारखा चिखल हवा होता. तो प्लास्टर आणि खडूच्या भुकटीतून जमायला कितीतरी रविवार गेले.

कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: शत्रू नीट माहीत असायला हवा. शिवाय या रणगाड्यांच्या बाजूंवर स्वस्तिक नसायचं, काळापांढरा क्रूस असायचा, ही माहिती मी स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगत असे, जणू त्यामुळे काही फरक पडतो. खरं कारण मला ठाऊक होतं. ते यंत्र मला सुंदर वाटायचं. पत्रकात ज्याच्याविरुद्ध लिहायचो, त्याच्याच पोलादावर मी रविवारच्या दुपारी प्रेम करत होतो.

पप्पांना ते खेळणं वाटायचं. आईला मात्र रणगाडा मनापासून आवडायचा. माझी पत्रकं तिला कधी आवडली नाहीत. पत्रक म्हटलं की तिला पोलीस चौकी दिसते, पप्पांना सोडवायला ती दोनदा तिथे जाऊन बसली आहे. रणगाडा बनवताना मी घरात असायचो, मान खाली घालून, गप्प. ती घरीच पाळणाघर चालवते; तिथली मुलं गेली की ती माझ्याशेजारी चहा घेऊन बसायची आणि बघत राहायची.

"आपल्या मिलिटरीचा आहे ना रे?" तिने एकदा विचारलं होतं.

तोंडात चिमटा धरलेला होता. मी "हं" म्हणालो.

जयंतीला आमच्या विहारात वस्तीतल्या लोकांच्या हातच्या कामाचं प्रदर्शन असतं. विणकाम, चित्रं, कुणी लाकडी स्तूप करतं. त्या सकाळी मी पत्रकं आणायला छापखान्यात गेलो होतो. विषय माझाच, फॅसिझम दाराशी आल्याचा. गठ्ठा खांद्यावर घेऊन विहारात शिरलो तर मधल्या टेबलावर माझा टायगर. आई नव्या निळ्या साडीत त्याच्यामागे उभी होती.

रणगाडा चमकत होता. आधी मला कळेना काय झालंय. मग कळलं.

"केवढी घाण झाली होती त्याच्यावर," आई हळूच म्हणाली. "असा कसा आणायचा लोकांसमोर? जुन्या टूथब्रशने घासला, भांड्याच्या साबणाने. मग थोडं खोबरेल लावलं."

चिखल गेला होता, रंगाने दाखवलेला गंज गेला होता, लेपाच्या रेघांत साबणाचा पांढरा फेस वाळला होता. एरियलच्या तारेवर तिने कागदाचा निळा झेंडा चिकटवला होता.

मला राग आला. तो कशाचा होता तेही लिहितो, कारण तिथेच मला माझी ओळख पटली. विहारात हिटलरचा रणगाडा उभा आहे, याचा तो राग नव्हता. चिखल पुसल्याचा होता.

आमच्या अभ्यास मंडळातली मैत्रीण पत्रकं वाटायला आली होती. तिने टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला खांबामागे ओढलं.

"टायगर आहे ना तो?"

"तुला कसं माहीत?"

"भाऊ दिवसभर गेम खेळतो, त्यात असतो. तू बनवलास? झकास. हातात हे पत्रक आणि टेबलावर तो. एका माणसाने दोन्ही बाजू लढवायच्या, पैसे वाचतात."

"आईने आणलाय यार. तिला माहीत नाही."

"मग सांग ना तिला."

"आत्ता? बघ तिच्याकडे."

तिने पाहिलं. आईभोवती बायका जमल्या होत्या. आई एकीला चाकांवर बोट ठेवून दाखवत होती की आतसुद्धा चाकं आहेत, दिसत नाहीत, पण आहेत. माझ्याबद्दल बोलताना तिचा आवाज इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता.

"तुझं तू बघ," मैत्रीण म्हणाली. "पण आज भाषण ठोकू नकोस म्हणजे झालं."

भाषण नव्हतं, पण प्रत्येक वस्तूबद्दल करणाऱ्याने दोन शब्द सांगायचे अशी पद्धत आहे. लाकडी स्तूपवाल्या काकांनी आपलं सांगून माईक माझ्या हातात दिला. पप्पा पुढच्या रांगेत बसले होते. एक वाक्य पुरेसं होतं: हा नाझींचा रणगाडा आहे, आईला माहीत नव्हतं, चूक माझी आहे. विशेषण एकही लागलं नसतं.

मी चाकांबद्दल बोललो. लेप कसा दिला ते सांगितलं, चिकाटीबद्दल बोललो. चांगलं बोललो, मला बोलता येतं. कुणाचा रणगाडा, हे सोडून सगळं सांगितलं. टाळ्या वाजल्या. खांबापाशी मैत्रीण टाळी न वाजवता पत्रकांचा गठ्ठा सोडत होती.

घरी जाताना रिक्षात आईने रणगाडा मांडीवर घेतला होता. पप्पा मागे सामान आवरायला थांबले होते. मी तिला सांगितलं. कुणाचा, कशासाठी वापरला, कुठल्या गावांवरून गेला.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली.

"हो."

"सगळ्या बायकांना सांगितलं मी, आपल्या मिलिटरीचा म्हणून."

"त्यांना कुठे कळणार आहे आई."

हे मी म्हणालो. मी, जो लोकांना सगळं कळतं असं दर पत्रकात लिहितो.

ती माझ्याकडे वळली. "माईक तुझ्या हातात होता ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात सतरंज्या झाडायला बायका जमणार होत्या. मी तिला म्हणालो, मी येतो, मी सांगतो. मग शर्ट शोधत बसलो, मग एक फोन आला, तो नको इतका लांबवला. चपलेचा आवाज झाला तेव्हा मला कळलं की ती निघाली आहे, आणि तिला हाक मारायला तोंड उघडूनही मी मारली नाही.

ती परत आली, पदर खोचला, पाळणाघरातल्या मुलांचा भात लावला.

"सांगितलंस?" मी विचारलं.

"सगळ्यांना."

"काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार?" कुकरचं झाकण लावत ती म्हणाली. "म्हणाल्या, केलं पोराने, तर सांगायला तू का आलीस?"