पुढची सीट

आमचे व्याही कुठंही बसले तरी त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायचा. आयर्लंडमध्ये स्लायगोला माझ्या मुलाच्या घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघतानासुद्धा समोर गाडी आली की पाय खाली जायचा. नात इंग्रजीत काहीतरी बोलून खिदळायची. सूनबाई सांगायची, "म्हणतेय, आजोबा सोफा चालवतायत."

बत्तीस वर्षं एसटी चालवली, तीही घाटात. "पन्नास जीव मागं झोपलेत, हे एकदा डोक्यात बसलं की पाय आपोआप हलका पडतो," असं ते सांगायचे. मी त्यांना चारचौघांतही 'ड्रायव्हर' म्हणूनच हाक मारायचो. मी चौथी शिकलेला, पण दोन पिठाच्या गिरण्यांचा मालक, आणि वर मुलाचा बाप. ते हसून म्हणायचे, "बोला मालक."

दोघांच्याही बायका गेलेल्या. म्हणून मुलांनी आम्हाला एकाच उन्हाळ्यात आयर्लंडला बोलावलं आणि तिथून नॉर्वे दाखवायला नेलं. आयर्लंडच्या पावसाला विटून गेलो, तर बर्गनला त्याच्या दुप्पट पाऊस. समुद्राकाठची लाकडी घरं, बंदर, मासळीबाजार, सगळं छत्रीखालून बघितलं. व्याही मात्र खूश. ओल्या चढावरून बस उतरताना दिसली की थांबायचे. "ब्रेकला हात लावत नाही बघा. गिअरवर उतरवतोय. शाणा आहे."

दुसऱ्या दिवशी फ्योर्ड बघायला बस होती. फ्योर्ड म्हणजे डोंगर चिरून समुद्र आत शिरलेला. त्याच्या कड्यावरून वळणावळणाचा रस्ता खाली पाण्यापर्यंत उतरतो. सूनबाईनं ड्रायव्हरशेजारची पहिली सीट मुद्दाम वडिलांसाठी मागून घेतली होती. त्यांनी सगळ्या प्रवासात तेवढंच मागितलं होतं.

मी चढलो आणि म्हटलं, "मुलाकडच्यांनी मागं बसायचं का आता?"

सूनबाईचा चेहरा उतरला. मुलगा म्हणाला, "दादा, असं काय करताय?" पण व्याही उठलेसुद्धा. "बसा मालक. मला मागूनही वळण कळतं."

मी बसलो. पहिल्याच वळणाला काचेपुढं रस्ताच दिसेना, नुसतं खाली काळं पाणी. डोळे मिटले ते बस थांबेपर्यंत उघडले नाहीत.

खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"काय विशेष नाही. आपल्या आंबा घाटासारखंच."

स्लायगोला परतल्यावर पंधरा दिवसांतच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलात ठेवलं. एका दुपारी सूनबाई चहा आणायला खाली गेली, मी एकटाच जवळ होतो.

"मालक," ते म्हणाले, "ते पाण्यावरचं शेवटचं वळण. त्यानं गाडी कशी काढली, सांगा की."

मी घसा खाकरला. "गरकन स्टिअरिंग फिरवलं आणि दणक्यात काढली."

ते हसले. हसताना त्यांना धाप लागली. "तशी काढली असती तर आपण सगळे पाण्यात असतो."

मी पाण्याचा पेला पुढं केला.

"डोळे मिटले होते ना? वरच्या आरशात दिसत होतात. आरसा बघायची खोड काय जात नाही."

"मग बोलला का नाही? मी उठलो असतो."

असतो का? कुणास ठाऊक.

"मुलीचा बाप मी," ते म्हणाले. "मी तुम्हाला कसं उठवणार?"

एवढं बोलून त्यांनी कूस बदलली. चादरीखाली त्यांचा पाय हलला. मी त्यावर हात ठेवावा, असं फार वाटलं. ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी ते गेले. सगळं उरकल्यावर सूनबाईनं विचारलं, "दादा, त्या दुपारी बाबा काय बोलत होते?"

"गाडीबद्दल," मी म्हटलं.

तिनं डोळे पुसले. "तो रस्ता बघायला मिळाला, तेवढं तरी समाधान घेऊन गेले."

मी मान हलवली.