दादाचे सोमवार

माझ्या भावाला, शरदचंद्र मानकराला, सगळी फणसवाडी देवभोळा समजायची. सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी, शिवाय मनाला येईल तेव्हा प्रदोष. कुणाकडे लग्न-मुंज निघाली की नेमका त्याच दिवशी ह्याचा कुठला तरी उपास यायचा. आम्ही पाठारे प्रभू, खाण्यावर जीव असलेली माणसं. आमच्या पंगतीत पान वाढल्यावर कुणी हात आखडला तर यजमानाचं तोंड उतरतं. त्या पंगतीत दादा पाण्याचा पेला घेऊन एका कडेला बसायचा आणि बायका आपापल्या नवऱ्यांना सांगायच्या, "बघा शरदभाऊंचा संयम!"

संयम कसला डोंबलाचा! दादाचं पोट ठीक नव्हतं. लीला, त्याची एकुलती एक मुलगी, लहान असताना वहिनी गेली आणि त्याच वर्षी हे मागे लागलं. सकाळी उठल्या उठल्या पोटात पीळ पडायचा, मग संडासाच्या फेऱ्या, आव, जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत पुन्हा पीळ. मधेच चार दिवस काहीच व्हायचं नाही आणि पोट तट्ट फुगायचं. डॉक्टरांनी तपासणी केली, जंतू सापडले नाहीत, तरी जंतूंवरची इंजेक्शनं दिली. ती लागू पडेनात तेव्हा म्हणाले, "मिस्टर मानकर, तुमच्या आतड्यांना काही झालेलं नाही. तुम्ही घाबरट आहात." ठाकुरद्वारच्या वैद्यांनी ग्रहणी म्हटलं आणि कुड्याची साल उकळून प्यायला सांगितली. ती तो वर्षभर प्याला. कडू तोंडापलीकडे त्यातून काही मिळालं नाही.

मग त्याचं त्यानंच बसवलं. मऊ भात, ताजं ताक, सुंठ, रात्री इसबगोल. दूध वर्ज्य, लोणी वर्ज्य, कांदा वर्ज्य. आणि ज्या दिवशी चार माणसांत जायचं असेल त्या दिवशी पोटात काहीच नाही. त्याचे सगळे उपास हे असे होते. देवाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. कचेरी फोर्टात, पण ट्राममध्ये मधेच वेळ आली तर काय करायचं म्हणून तो चालत जायचा. कुठल्या धर्मशाळेतला संडास उघडा असतो, कुठल्या देवळामागे सोय आहे, कुठला इराणी मागच्या दारानं आत जाऊ देतो, सगळं त्याला तोंडपाठ होतं. आमच्या वाडीच्या तोंडावरच्या इराण्याला तर त्यानं विनवून सांगितलं होतं, "शेठ, किसीको बोलना नहीं." शेठ म्हणाला होता, "अरे बाबा, मैं काहेको बोलेगा?"

हे घरात मी आणि लीला, दोघींनाच ठाऊक. मी त्याची धाकटी बहीण शकू, म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तरीण, लग्न न केलेली, म्हणून त्याच्याच घरी. मी कितीदा म्हटलं, "दादा, आजार आहे, चोरी नाही. सांगून टाक." त्यानं मला लीलाच्या गळ्याची शपथ घातली होती. आमची जात एवढीशी. आज ठाकुरद्वारी शिंक आली तर उद्या परळपर्यंत कळतं. पोट म्हटलं की लोक आतड्यांचा क्षय म्हणणार, आणि बापाला आहे म्हणजे मुलीला असणार असं धरून चालणार. लीलाचं लग्न होऊन जाईपर्यंत कुणाला कळता कामा नये, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती.

आणि लग्न ठरत आलं होतं. समोरच्या बिऱ्हाडातल्या तात्यांचा वीरेंद्र, नुकता वकील झालेला, सरळ मुलगा. लीलाला आवडत होता, हे ती केसांत गजरा माळायला लागली त्यावरून मला कळलं होतं. तात्या आणि त्यांची बायको कमळाबाई, दोघांनीही शब्द दिला होता. दसऱ्यानंतर साखरपुडा करायचा होता.

ते छप्पन साल होतं. जानेवारीत आमच्या गिरगावात गोळीबार झाला होता. श्रावणात बातमी आली की महाराष्ट्र-गुजरात एकत्र ठेवून द्वैभाषिक राज्य करणार. वाडी पेटून उठली. तात्या वाडीच्या समितीचे प्रमुख. त्यांनी ठरवलं, वाडीच्या तोंडाशी मंडप घालायचा आणि घरटी एका माणसानं एकेक दिवस उपोषणाला बसायचं. सूर्योदयाला बसायचं, दिवेलागणीला लिंबाचं सरबत घेऊन उठायचं. पहिलं नाव कुणाचं? अख्ख्या सभेनं एकच नाव घेतलं. तात्यांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. "शरद, तुला काय रे, उपास म्हणजे तुझा हातचा मळ!"

नाही म्हणायला दादाकडे कारणच नव्हतं. बारा वर्षं त्यानं स्वतःच्या हातानं सगळी कारणं संपवली होती. घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी म्हटलं, "ताप आलाय म्हणून सांगते." तो म्हणाला, "व्याही होणारा माणूस आहे शकू. पहिल्याच कामाला पाठ दाखवू?" आदल्या दिवशी सकाळपासूनच त्यानं अन्न सोडलं. पण त्या आजाराला अन्न लागत नाही, भीती पुरते. हे डॉक्टरांना तेव्हा माहीत असेल-नसेल, मला माहीत होतं.

सकाळी बायकांनी त्याला ओवाळलं. कमळाबाईंनी कुंकू लावलं. गादीवर, गळ्यात हार घालून, रस्त्याकडे तोंड करून बसवलं. मी शाळेत रजा टाकून बायकांत बसले होते. ऊन चढेपर्यंत बरं चाललं. मग मी त्याचा हात गादीच्या कडेवर आवळलेला पाहिला. तो उठला, "पाय मोकळे करून येतो," म्हणाला. घर तिसऱ्या मजल्यावर, खाली संडासाला रांग, त्यातून वाट तात्यांच्या गॅलरीखालून. मंडपाला लागून इराणी. तो इराण्याकडे शिरला.

परत आला तेव्हा तोंड धुतलेलं, रुमालानं ओठ पुसत. थोड्या वेळानं पुन्हा गेला. दुपारनंतर पुन्हा. प्रत्येक खेपेला घामानं चिंब होऊन बाहेर यायचा, थंड पाणी तोंडावर मारून, ओठ पुसत. मंडपात कुजबूज सुरू झाली. कुणीतरी शेठला जाऊन विचारलं, मानकर आत काय करतो? शेठनं खांदे उडवले. "मेरेको क्या मालूम? सब लोग आता है, खाता है, जाता है." बिचाऱ्यानं दिलेला शब्द पाळला होता.

दिवेलागणीला तात्या सरबताचा पेला घेऊन आले. पेला त्यांनी दादाच्या हातात दिला नाही. वाडी गोळा झाली होती. लीला निरांजनाचं ताट घेऊन कमळाबाईंच्या शेजारी उभी होती, सून असल्यासारखी.

"शरद, दिवसभरात तीन वेळा इराण्याकडे गेलास. कशाला?"

तात्या वाईट नव्हते, हे मला लिहावंच लागेल. जानेवारीत कोपऱ्यावर पडलेला एक पोरगा त्यांनी स्वतःच्या हातांनी उचलून आणला होता. ते म्हणाले, "तू सांग काय ते, मी ऐकतो. सांग ना रे."

तेव्हाच सांगता आलं असतं. मी उठलेसुद्धा. दादानं माझ्याकडे पाहिलं, मग लीलाकडे, मग तिच्याशेजारच्या कमळाबाईंकडे. त्याच्या डोक्यात काय हिशेब चालला ते मला दिसत होतं. खादाडाला लोक हसतील, चार दिवसांनी विसरतील. रोग कुणी विसरत नाही.

"चहा घेतला," तो म्हणाला. "आणि बनमस्का."

बारा वर्षांत ज्याच्या ओठाला लोणी लागलं नव्हतं तो माझा भाऊ भर वाडीत सांगत होता, मी बनमस्का खाल्ला! मला रडू फुटलं, आणि लोकांना वाटलं मी भावाच्या लाजेनं रडतेय.

तात्यांनी सरबत जमिनीवर ओतलं. "लेकरं मेली रे आपली," म्हणाले. "आणि तुला एक दिवस दम निघाला नाही." ते वळले आणि चालू लागले. मागोमाग कमळाबाई. लीलाच्या ताटातलं निरांजन तसंच जळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या दाराच्या कडीला हिरव्या बांगड्या टांगलेल्या होत्या. दादानं त्या काढल्या, कागदात गुंडाळल्या, फळीवर ठेवल्या. एकही फोडली नाही. पोरं जिन्यात "बनमस्का, बनमस्का" ओरडत पळायची. आठवडाभरात कमळाबाईंचा निरोप आला, वीरेंद्रचा इतक्यात विचार नाही.

तेव्हा मी शपथ मोडली. दादाला न सांगता समोर गेले, कमळाबाईंचे हात धरले आणि सगळं सांगितलं. आव, पीळ, संडास, इराणी, काही लपवलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. मग त्यांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतले.

"अगबाई, म्हणजे आतड्यांचंच ना? आणि इतकी वर्षं?" त्या म्हणाल्या. "बरं झालं बाई आधी कळलं. मी नाही कुणाला बोलायची. पण शकू, मुलाचं लग्न म्हणजे..."

दादाचा हिशेब चुकीचा नव्हता, हे मला त्या उंबऱ्यात कळलं. दोन्हीकडून वाट बंद होती. मी घरी आले आणि त्याला काही सांगितलं नाही. वीरेंद्रचं पुढच्या वैशाखात लग्न झालं. आमंत्रण आलं होतं. त्या दिवशी गुरुवार होता.

नंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. दादा कचेरीला जायचा आणि यायचा, तेही वाडीच्या मागच्या बोळातून. कुठल्याच इराण्याच्या दारात त्यानं पुन्हा पाऊल टाकलं नाही, त्यामुळे वाटेत हाल व्हायचे. धोतराची जोडी पिशवीत घालून नेऊ लागला. लीलाला आणखी दोन स्थळं सांगून आली आणि चौकशी करून गेली. तिनं टायपिंग शिकून फोर्टात नोकरी धरली. साठ साली महाराष्ट्र झाला. वाडीत रोषणाई केली, पेढे वाटले. आमच्या दारावर पेढे आणणाऱ्या पोरानं विचारलं, "काकांचा उपास नाही ना?" आणि खो खो हसला. दादानं पेढा घेतला, देवापाशी ठेवला, खिडकी लावून घेतली.

त्याच पावसाळ्यातली गोष्ट. मी लीलाचा डबा भरत होते. ती केस विंचरत होती. गेले काही महिने ती वाळत चालली होती, सकाळी दोनदा-तीनदा खाली जायची. मी नोकरीची दगदग म्हणून सोडून दिलं होतं.

"आत्या, डबा नको," ती आरशात बघत म्हणाली. "मी सोमवार धरलेत."

दादा पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली ठेवला आणि लेकीकडे बघत राहिला. तिनं मान वळवली नाही. कधीपासून, किती, काहीच त्यानं विचारलं नाही. उठला, फळीवरची इसबगोलाची बरणी काढली आणि तिच्या पर्सशेजारी ठेवली. मग तिला समजावू लागला, बारीक आवाजात, शहाण्यासारखा: ट्रामनं जाऊ नकोस, चालत जा, मी रस्ता सांगतो. पहिली धर्मशाळा, तिथे मागे सोय आहे. पुढे देऊळ. पुढे चौकात इराणी, मालक भला आहे.

तिथे तो थांबला. धर्मशाळेत पुरुष, देवळामागे पुरुष. इराण्याच्या मागच्या दारानं कुठली बाई आत जाणार?

"तुला कुठेच सोय नाही गं," दादा म्हणाला, आणि बरणीवर हात ठेवून लहान मुलासारखा रडायला लागला.