नायिकेच्या वाटणीचं पाणी

किशोरवयीन मुलांसाठी मी पाणीटंचाईवर कादंबरी लिहिली, तेव्हा पहिली वाचक होती माझी मुलगी. तिची नववीची परीक्षा नुकतीच संपली होती. अशा कादंबऱ्यांत जे जे असतं ते सगळं मी घातलं होतं. आटलेलं धरण, कुलूप लावलेल्या टाक्या, हात टेकलेली मोठी माणसं आणि एक शूर मुलगी. ती आपल्या वाटणीचं पाणी गुपचूप धाकट्या भावाला देते आणि कुणी विचारलंच तर म्हणते, ‘मी प्यायले मघाशीच.’ ते प्रकरण वाचून मुलगी ढसाढसा रडली आणि मी मनातून खूश झाले. पोरीला रडवून आनंद मानणारी आई लेखकच असणार.

मे महिन्यात ती मामाकडे गेली. माझं माहेर पेणच्या खारेपाटात. आजूबाजूला खाडी, विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही, नळाला येईल तेव्हा येईल. आम्ही त्यातच वाढलो, त्यामुळे एरवी मी पर्वा केली नसती. पण हिवाळ्यात मुलीला मूतखड्याचा त्रास झाला होता. अक्षरशः गडाबडा लोळली होती ती. डॉक्टरांनी बजावलं होतं, तहान असो नसो, पाणी पीत राहायचं.

एका संध्याकाळी भावाचा फोन आला. बोलता बोलता तो सहज म्हणाला, “पाइप फुटलाय, नळाला पानी नाय. टँकर येल म्हनतात, कधी त्ये म्हाईत नाय.” मी मुलीला फोन द्यायला सांगितला.

“पाणी पितेस ना गं?”

“हो आई, प्यायले मघाशीच.”

ते वाक्य माझं होतं.

उजाडताच गाडीत पाण्याचे कॅन टाकले आणि रोह्याहून निघाले. निडी गेलं, नागोठणं गेलं, गडबला ट्रकांच्या मागे अडकले आणि स्वतःवरच चडफडत बसले. माझ्या पोरीने जे करू नये म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता, तेच मी लोकांच्या पोरींना इतकं गोड करून सांगितलं होतं! आणि संपादकांना सगळ्यात जास्त आवडलं होतं तेही तेच प्रकरण. त्यांचाही राग आला.

पोचले तेव्हा मुलगी ओट्यावर कैरीच्या फोडी वाळत घालत होती. शेजारच्या दोघी बायका बसल्या होत्या. मी चपलाही न काढता विचारलं, “लघवीला जळजळ होतेय का?”

“आई!” ती किंचाळली. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

वहिनी बाहेर आली. “काय नाय होत तिला, वन्सं. काल दिसभर नको नको करीत व्हती. उन्हातनं आलेली पोर पानी नको म्हनते, मी काय येडी हाय? समोर बसवून पाजला. मंग आळीत सगल्यांना सांगून आले, ही दारात आली का पानी दिल्याबिगर सोडू नका.”

मुलगी खाली मान घालून म्हणाली, “सकाळपासून तीन घरी पाजलंय मला.”

मी ओट्यावर बसले आणि खरंच रडले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. त्या घरात कालपासून धुणं तुंबलं होतं, भांडी राखेने घासून नुसती पुसून ठेवली होती, अंघोळीला सगळ्यांनी सुट्टी दिली होती. प्यायच्या पाण्याची वाटणी मात्र कुणी केली नव्हती. माझ्या कादंबरीत एकही अशी वहिनी नव्हती. त्यातली नायिका तहानलेलीच शूर होत राहते आणि तिच्याकडे कुणी नीट बघतच नाही. असलं घर मी कुठे पाहिलं होतं, कोण जाणे!

मुलगी आत गेली आणि माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली. घरात कळशीभरच उरलं होतं, ते मला दारातून दिसत होतं. घशाला कोरड पडली होती. गाडीतले कॅन यांच्यासाठी म्हणून मी वाटेत फोडलेही नव्हते.

“नको गं,” मी म्हणाले, “मी प्यायले वाटेत.”

तिने तांब्या माझ्या हातात दिला आणि मी तो रिकामा करेपर्यंत समोरून हलली नाही.