काजळाची तीट

पोराचं वजन केलं की दृष्ट लागते, असं आमच्या तलवाड्याकडच्या वस्तीवर बाया म्हणायच्या. अंगणवाडीच्या सारजाबाई भांडभांड भांडल्या, पण ऐकतंय कोण? शेवटी त्याच काजळाची डबी घेऊन बसल्या. आधी गालाला तीट, मग काट्यावर लेकरू. बाया येऊ लागल्या. अंजूचा वाळका सोमेश्वर तिथला खाऊ खाऊन गुटगुटीत झाला.

दिवाळीनंतर अंजू त्याला घेऊन ऊसतोडीला गेली. गुढीपाडव्याला रिकाम्या हातांनी परतली.

"बाई, तिकडं फडात मी तीट लावायची इसरले. माझ्यामुळंच गेला."

"अगं, हगवणीनं गेलं गं लेकरू," सारजाबाई रडत म्हणाल्या. "तिटीनं काय होतंय?"



"मग तुमी कशाला लावत होत्या?"